कुलपाआड शिवलेली नाताळची गोधडी

सकाळी सव्वासहाला प्रज्वल डबा घेऊन निघायचा. बाहेरून कडी लावायचा, कुलूप घालायचा आणि ते नीट बसलं की नाही हे दोनदा ओढून बघायचा. ते दोन हिसके त्याच्या आईला, चंद्रकलेला, आत ओट्याजवळ ऐकू यायचे. मग संध्याकाळी साडेसातला हिंगण्याहून कंपनीची बस परत येईपर्यंत नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा बाबनराव, दोघंच.

असं अकरा महिने चाललं होतं, आणि याला तिनेच मान डोलावली होती.

बाबनरावांना विसर पडायला लागून तीन वर्षं झाली होती. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग स्वतःचं घर. उमरेडचे कोष्टी ते. तरुणपणी मागावर बसले, माग बंद पडल्यावर एका गोदामात पहारेकरी झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता दिवसातून वीस वेळा उठून दाराशी जायचे आणि म्हणायचे, "चाल वं, घरी जाऊ."

"हेच घर हाय," ती सांगायची.

"हे नाई. आपलं."

गेल्या जानेवारीत दुपारी जेवणं झाल्यावर चंद्रकलेचा जरा डोळा लागला. जागी झाली तेव्हा दार सताड उघडं आणि बाबनराव नाहीत. प्रज्वलने रजा टाकून दोन दिवस मोटारसायकलवर अख्खं पूर्व नागपूर पालथं घातलं. शेवटी उमरेड रोडवर, दिघोरीच्या बऱ्याच पुढे, एका चहाच्या टपरीमागे ते सापडले. अनवाणी होते आणि तळपायांचं सालटं निघालं होतं. घरी आणल्यावर प्रज्वल आईला एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कुलूप आणलं. पहिल्यांदा किल्ली शेजारच्या म्हातारीकडे ठेवली होती, पण बाबनरावांनी खिडकीतून गोड बोलून तिच्याकडून दार उघडून घेतलं. तेव्हापासून किल्ली प्रज्वलच्या खिशात हिंगण्याला जायची. आपण झोपलो म्हणून हे झालं, हे चंद्रकलेच्या मनातून जात नव्हतं. झोपणाऱ्या बाईने कुलपाबद्दल कुठल्या तोंडाने बोलावं? सुटीच्या दिवशीही प्रज्वल बाजार करून यायचा आणि ती बाबनरावांजवळ थांबायची.

खिडकी मात्र गल्लीवर उघडायची. तिला लोखंडी गज होते, आणि गजांवर ती गोधड्या वाळत टाकायची. जुन्या लुगड्यांच्या, चादरींच्या, घरच्याच. त्या गोधड्यांमुळेच सुहासिनी तिच्याशी बोलायला लागली.

सुहासिनी समोरच्या घरात वर राहायची. एका दवाखान्यात नर्स होती, चाळिशीची, बोलायला मोकळी. दिवाळी संपून आठवडा झाला होता, तेव्हा ती ड्युटीवरून येताना खिडकीशी थांबली आणि गजावरच्या गोधडीचे टाके बोटाने चाचपत म्हणाली, "काकू, हे तुम्ही हातानं शिवलं?"

"नाई तं काय पायानं?"

सुहासिनी हसली. मग तिथेच उभी राहून तिने सगळं सांगितलं. यंदा ईस्टरच्या आधी तिची आई गेली होती. पाच भावंडं, कोणी अमरावतीला, कोणी अचलपूरला, एक जबलपूरला. लहानपणी नाताळच्या थंडीत पाचही जण आईसकट एकाच मोठ्या वाकळीखाली झोपायचे. ती वाकळ केव्हाच विरून गेली. यंदाच्या नाताळला सगळे तिच्याकडे येणार होते, आणि तिला तशीच एक हवी होती. सगळ्यांच्या कपड्यांची.

"केवढी?" चंद्रकलेने विचारलं.

"सहा माणसं मावतील एवढी."

चंद्रकलेने मागे वळून खोलीकडे पाहिलं. दहा बाय दहाची खोली, त्यात बाबनरावांचा पलंग. सहा माणसांची गोधडी इथे पसरणार कुठे? पण तोंडातून निघून गेलं, "आण कपडे."

कपडे गजांमधून आत आले. एकेक घडी, एकेक तुकडा. आईची लाल इरकली साडी, चर्चमधल्या गायकांचा जुना पांढरा झगा, वडिलांचा चौकडीचा सदरा, भाच्यांचे फ्रॉक, नर्सच्या गणवेशाचा निळा, कधीचा तरी हिरवा मखमली पडदा, कोणाच्या लग्नातल्या ब्लाउजच्या बाह्या. सुहासिनीने फक्त एवढंच सांगितलं की लाल आणि हिरवं जास्त दिसू द्या. बाकी जमेल तसं.

चंद्रकलेचे हात उमरेडचे होते. आठ वर्षांची असल्यापासून ती बापाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत आली होती, त्यामुळे कापडाची वीण बोटाला कळायची. मखमल आणि सुती कापड शेजारी आलं तर एक ओढतं आणि दुसरं चुरगळतं. तिने मखमलीखाली मलमल लावली. इरकली जिथे विरली होती तिथे काठ वळवून घेतला. सकाळची कामं उरकली की ती खाली बसायची आणि तुकड्याला तुकडा जोडत जायची. पंधरा दिवसांत गोधडी पलंगाखाली शिरली. वीस दिवसांत उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली. एका कडेला टाके घालायचे तर दुसरी कड गुंडाळून ठेवावी लागे. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबनराव पलंगावरून उतरले की पाय थेट गोधडीवर, आणि ती ओरडायची, "अवो, बाजूनं जा ना!" बाजू कुठे होती?

गोधडी कधीच अख्खी दिसायची नाही. समोर असेल तेवढीच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एका मंगळवारी भर दुपारी पलंगावरच्या भिंतीतल्या विजेच्या बोर्डातून चर्र आवाज आला आणि काळा धूर निघायला लागला. शेवटी तिनेच जाऊन मेन स्विच बंद केला. धूर विरला. पण त्याआधी दोन मिनिटं ती गज धरून हाका मारत होती आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. संध्याकाळी तिने प्रज्वलला सांगितलं, बोर्ड खराब झाला. त्याने बोर्ड बदलला. हाकांचं तिने सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. ती न्हाणीत कपडे धुवून बाहेर आली, तर बाबनराव पलंगाच्या कडेला बसून गोधडीचे टाके उसवत होते. नखाने दोरा उचलायचा, ओढायचा, पुन्हा उचलायचा. हातभर लांबीच्या चार ओळी उसवून झाल्या होत्या. अख्ख्या सकाळचं काम.

"हे काय करून राहिले?"

"ढिलं हाय," ते शांतपणे म्हणाले. "कोणं भरलं? असं मालकाले देतात का?"

तिने त्यांच्या हातावर फटका मारला. चांगला जोरात. असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यांनी हात पोटाशी घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "मले घरी सोडून द्या."

"मले बी जायचं हाय," ती म्हणाली. "मले बी जायचं हाय ना बाप्पा! कोण सोडते?"

आणि मग ती तिथेच, त्या तुकड्यांच्या ढिगात बसून रडली. बाबनराव थोडा वेळ ऐकत राहिले आणि आडवे झाले. तासाभराने तिने डोळे पुसले, सुईत दोरा ओवला आणि उसवलेल्या ओळी पुन्हा घालायला घेतल्या. घालताना लक्षात आलं की टाके खरंच ढिले पडले होते. याचा तिला अजून राग आला.

तेवीस तारखेच्या सकाळी गोधडी संपली. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद. शेवटची गाठ मारून तिने ती चार घड्या करून कोपऱ्यात रचली, तर ढीग तिच्या कमरेपर्यंत आला. त्या संध्याकाळी प्रज्वल जेवता जेवता म्हणाला, "उद्या मी येत नाई. दोन्ही पाळ्या लावल्या. परवा सकाळी येतो."

"अन् किल्ली?"

"माह्याजवळ."

"अरे, सुहासिनीले गोधडी द्यायची हाय. तिचे पाव्हणे उद्या सांजेले येऊन राहिले. आताच देऊन ये."

"आता ती ड्युटीवर हाय, मी येतानाच पाहिलं, तिच्या घरी कुलूप हाय. परवा देईन."

"परवा काय कामाची? किल्ली ठेवून जा, प्रज्वल. एक दिवस."

त्याने ताट सरकवलं. तेहतीस वर्षांचा होता तो. दोन सोयरिकी घर बघून परत गेल्या होत्या. वर्षभरात कोणाच्या लग्नाला गेला नव्हता. "आई, मले पुन्हा दोन दिवस ते फिरणं जमणार नाही," एवढंच तो बोलला. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

सकाळी तेच दोन हिसके ऐकू आले.

दुपारी दीडला सुहासिनी खिडकीशी आली. हातात केकचा चपटा डबा होता, तो गजांतून आत आला. गोधडी मात्र बाहेर जाईना. चंद्रकलेने एक कोपरा गजांमधून काढून दिला. सुहासिनीने बाहेरून ओढला, हिने आतून ढकलला. हातभर बाहेर गेला आणि अडकला. पाच थरांचं कापड, चार बोटांची फट. अजून ओढलं तर इरकली फाटली असती. दोघी थांबल्या. अर्धा कोपरा बाहेर, बाकी सगळं आत.

"राहू द्या काकू," सुहासिनी म्हणाली. "उद्या सकाळी घेईन." तिचा चेहरा उतरला होता.

चंद्रकलेने कोपरा सोडवून आत घेतला. मागे बाबनराव दाराशी उभे होते, कडी हलवत. "चाल वं, घरी जाऊ." कडी वाजत राहिली.

"सुहासिनी," ती म्हणाली, "धोंडबाले बोलाव."

धोंडबाचं गल्लीच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो हातोडी घेऊन आला, पण कुलपाकडे बघून थबकला. "प्रज्वलले विचारलं का?"

"घर माह्यं हाय गा. मी आतून सांगून राहिली. तोड."

"पण बाबनराव..."

"त्यायचं मी पाहून घेईन. तू तोड."

पाच घाव पडले. सहाव्याला कोयंडाच वाकून निघाला. दार उघडलं आणि सगळ्यांत आधी बाबनराव बाहेर पडले. कोणाकडे न बघता, सरळ, गल्लीने रस्त्याकडे. सुहासिनी ओरडली, धोंडबा धरायला धावला.

"धरू नोको," चंद्रकला म्हणाली. "जाऊ दे." चप्पल पायात सरकवून ती त्यांच्या मागे निघाली. गोधडी तशीच खोलीत राहिली.

ती त्यांच्या बरोबरीने चालत राहिली, हात न धरता. अकरा महिन्यांनी पाय रस्त्याला लागले होते. पोटऱ्या लगेच दुखायला लागल्या. कोपऱ्यावरचं किराणा दुकान बंद होऊन तिथे मोबाईलचं झालं होतं. ऊन कोवळं होतं. बाबनराव भराभर चालत होते, आणि ती मनात म्हणत होती, उमरेडपर्यंत गेले तर उमरेडपर्यंत. पिठाच्या चक्कीपाशी ते थांबले. पायरीवर बसले. "पाय दुखते," म्हणाले.

"माहे बी दुखते."

दोघं थोडा वेळ बसले. चक्कीवाल्याने पाणी दिलं. मग ती म्हणाली, "चाला," आणि ते उठून तिच्यामागे आले. जेमतेम अर्धा तास गेला होता. घरी पोचली तेव्हा सुहासिनी गोधडी घेऊन गेली होती, खोली रिकामी दिसत होती, आणि दाराला दोरी बांधून धोंडबा बाहेर राखण करत बसला होता.

नाताळच्या सकाळी प्रज्वल आला. वाकलेला कोयंडा पाहून तो चपलांसकट आत धावला. बाबनराव केक खात बसले होते.

"कोणं तोडलं?"

"म्या."

"बाबा निघून गेले असते तं?"

"गेले होते. मी संग होती." मग तिने त्याला बोर्डाच्या धुराचं सांगितलं. गज धरून हाका मारल्या होत्या तेही. प्रज्वल भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "हे तू मले काहून नाही सांगितलं?"

"तू मले त्या जानेवारीत काही बोलला का?"

त्या दिवशी तो झोपला नाही. बाजारातून कडी आणली आणि आतून, वरच्या बाजूला, बाबनरावांची नजर जाणार नाही अशी बसवली. संध्याकाळी म्हणाला, "जाऊन ये तिच्याकडं. मी बसतो."

सुहासिनीच्या वरच्या खोलीत गोधडी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली होती. तिच्यावर अकरा माणसं बसली होती. पोरं लोळत होती, एका कोपऱ्यात चहा सांडला होता. जबलपूरचा भाऊ सदऱ्याच्या चौकडीवर हात ठेवून बसला होता, उठायला तयार नव्हता. चंद्रकलेला गोधडी अख्खी बघायची होती, पण लोकांना उठवणार कसं? सगळे पाय वर घ्यायला लागले, तर तीच म्हणाली, "बसा बसा." तिला गोधडीवरच जागा दिली, शेव-चिवडा दिला. वीस मिनिटं बरी गेली. मग तिचे कान आपोआप समोरच्या घराकडे लागले. प्रज्वलला औषधाची वेळ माहीत आहे ना? दूध गरम केलं असेल ना? कोणी काही विचारत होतं आणि तिला ऐकूच येत नव्हतं. अर्ध्या तासात ती उठली.

मोकळं दार असूनही ती फार कुठे जात नाही. जाणार कशी? बाबनराव तसेच आहेत. एखाद्या दिवशी ते पलंगावरून उतरायलाच नकार देतात, त्या दिवशी तीही घरातच असते, आणि दुपार पूर्वीइतकीच लांब वाटते.

जानेवारीत सुहासिनीच्या अमरावतीच्या बहिणीने निरोप पाठवला, मलाही तशीच हवी. सुहासिनीने भीतभीतच विचारलं.

"शिवीन," चंद्रकला म्हणाली. "पण या खोलीत नाई वं. तुह्या गच्चीवर शिवीन. अन् यायले बी संग आणीन."

"या की. खुर्ची टाकते काकांना, उन्हात."

"खुर्ची जिन्यापासून लांब टाकजो," चंद्रकला म्हणाली, आणि जुन्या कपड्यांची पहिली पिशवी तिच्या हातातून घेऊन कापड बोटांनी चाचपायला लागली.