पानांच्या ढिगातलं बिऱ्हाड

फ्रँकफर्टहून गाडी सुटली तेव्हा धुक्यात काहीच दिसत नव्हतं. मी बॉबलिंगेनला निघालो होतो. मी ज्या हॉटेलात स्वयंपाकी होतो ते बंद पडलं होतं; नवं काम मिळालं नाही तर व्हिसा संपून साताऱ्याला परत जावं लागणार होतं. बॉबलिंगेनच्या एका भारतीय हॉटेलात दुसऱ्या दिवशी ‘प्रोबेआर्बाइट’ (रांधून दाखवायची चाचणी) होती. नववीत शाळा सोडलेला मी. चाचणी म्हटलं की मी घाबरतो. त्या घाबरटपणात श्टुटगार्टला भलत्याच फलाटावर उभा राहिलो आणि पुढची गाडी चुकली.

बॉबलिंगेनला सुलभाताई ताटकळत होत्या. पुण्याच्या, सॉफ्टवेअरमधल्या. ओळख काय, तर त्यांच्या मंडळाच्या गणपतीत मी मोदक केले होते.

“अहो दादा, फोन तरी करायचा! गारठले मी इथं!” रागावल्या, आणि घरी नेऊन गरम वरणभात वाढला. परक्यासाठी इतकं कोण करतं?

बदल्यात काहीतरी करावं म्हणून सकाळी उठून बाग झाडायला घेतली. आमच्याकडे अंगणात पाचोळा दिसला तर येणारे-जाणारे नावं ठेवतात. कुंपणाशी ओल्या पानांचा हा मोठा ढीग! दाताळ्यानं ओढला, तर आतून एक काटेरी गोळा घरंगळत आला.

“नाइन! नाइन!” (नको! नको!) शेजारच्या केलर आजी कुंपणापलीकडून ओरडल्या. ताई स्वेटर ओढत धावल्या.

“अहो, मुद्दाम ठेवलाय तो ढीग! इगेल आहे हा (अंगभर काटे असलेला लहानसा प्राणी). हिवाळाभर यातच झोपतो.”

“मला वाटलं कचरा.”

“वाटणारच. इथं सगळं लखलखीत, आणि नेमका हा ढीगच असा!”

आजीही अलीकडे आल्या, तिघांनी मिळून पानं पुन्हा रचली. इगेल हळूच उलगडला, ढीग हुंगला, वळला आणि कुंपणाखालून ओल्या गवतात निघून गेला. आजी काहीतरी पुटपुटल्या.

“काय म्हणतात?”

“परत येईलच असं नाही. थंडी तोंडावर आलीय, नवं घर करायला वेळ कमी.” ताई थांबल्या. “पण म्हणाल्या, तुमचा दोष नाही. तुम्हाला काय माहीत.”

दुपारी माझ्या सुऱ्या घेऊन हॉटेलवर पोचलो. मालक, जालंधरचे सरदारजी, दारातच उभे. इमारत विकली गेली होती. घेणाऱ्याला तिथं हॉटेल नको होतं. त्यांनाही सकाळीच कळलं.

“भाई, तुम्हारा कोई कसूर नहीं,” म्हणाले, आणि आत बसवून चहा पाजला. चूल बंदच होती. चहा शेजारच्या बेकरीतून मागवला होता.

परतीच्या गाडीत ताईंनी दिलेले पराठे मांडीवर गार होत गेले. मालक भला माणूस. इमारत घेणाऱ्यानं तर माझं नावही ऐकलेलं नसणार. सकाळी मी तरी कुणाचं वाईट करायला निघालो होतो? कुणी वैर धरलं असतं तर निदान चार शिव्या घातल्या असत्या. मनात शिव्या जुळवल्या, पण घालायला माणूस सापडेना.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. “झालं का हो काम?”

“इथली माणसं फार चांगली आहेत गं,” मी म्हटलं.

“मग परत कधी येताय?” तिनं विचारलं.