आत्याचा साग आणि सोमाजी

"आत्या गेली..." फोनवर भाऊ एवढंच बोलला. वर्ध्याहून कारंज्याला निघालो, तेव्हा रडू येण्याआधी मनात आलं ते सोमाजीचं नाव. असं का व्हावं?

कौसल्याआत्या लवकर विधवा झाली. वाट्याला आलेल्या खडकाळ वावरात काही पिकेना, म्हणून तिने साग लावला आणि हंड्याने पाणी घालून जगवला. बांधापलीकडे सरकारी जंगल. झाडं तिची, पण तोडायला वनखात्याची परवानगी लागे. लेकीच्या नव्या घराला त्याच सागाची दारं व्हावीत, एवढी तिची हौस होती.

परवानगी हाताशी आली होती. तेवढ्यात शेजारचा सोमाजी खांद्यावर तोडलेल्या सागाची लांब बल्ली नेताना वनरक्षकाला सापडला. "बाईच्या वावरातली हाय," असं त्याने सांगितलं, म्हणून वनरक्षक त्याला घेऊन आत्याच्या दारी आला. मी तेव्हा तिथेच होतो. ती नाही म्हणाली असती, तर सोमाजीवर चोरीचा गुन्हा लागला असता.

"तुमची काय, बाई?"

आत्याने बल्लीकडे पाहिलं, मग सोमाजीकडे. "माहीच हाय. मीच तोडाले सांगतली."

विनापरवाना तोड झाली म्हणून तिचीच परवानगी अडली, ती कायमची. लेकीच्या घराला लोखंडी दारं बसली आणि लेक रुसली. गावात कुजबुज झाली, की बाई सोमाजीच्या हाताने चोरटा साग विकते. आणि ज्याच्यासाठी हे केलं, तो सोमाजीच तिला पाहून वाट बदलू लागला.

"आत्या, तो बोलत काऊन नाई?" मी एकदा विचारलं.

"त्याले माह्यासमोर मान खाली घालावी लागते रे. मी नाई म्हटलं असतं तं बरं झालं असतं का... मलेच समजून नाई राह्यलं."

तेरवीनंतर मी वावरात गेलो. सागाखाली सोमाजी आत्याच्याच खराट्याने वाळकी पानं झाडत होता. जंगलातला वणवा आत शिरू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आत्या अशीच बांधालगतची जमीन साफ करायची.

"सोमाजी, ती बल्ली खरंच कुठली होती?"

त्याचा हात थांबला. "बाईनं कधी इचारलंच नाई," तो म्हणाला.

हे तिचं कौतुक होतं की तिच्याविषयीची तक्रार... मला अजून उमगलेलं नाही. तो पुन्हा झाडू लागला. मीही वाकलो आणि पानं ओंजळीने बांधापासून दूर नेऊन टाकू लागलो.