अण्णाच्या अंगठ्याचा पट्टा

काल घड्याळाला नवा पट्टा बसवून घेताना कोऱ्या चामड्याचा वास आला आणि पार्ल्यातलं ते सभागृह आठवलं. पासष्ट-सहासष्ट साल असेल. माझा थोरला भाऊ अण्णा बटणांचा अकॉर्डियन वाजवायचा. त्या दिवशी एका ऑर्केस्ट्राचे मालक खास त्याला ऐकायला आले होते. त्यांना पसंत पडला असता, तर कारखान्यातून त्याची सुटका होणार होती.

या वाद्यात उजवा अंगठा चामडी पट्ट्यात अडकवतात, त्याच्या आधारावर बोटं फिरतात. जुना पट्टा तुटला म्हणून नवा मी शिवून आणला होता, आणि एक भोक जास्त आवळलाही मीच.

"घट्ट होतोय रे," अण्णा म्हणाला.

"घट्टच हवा. मधेच हात सुटला तर वाट लागेल."

पडदा उघडला, अण्णा पट्ट्यात अंगठा घालून तयार बसला, आणि प्रमुख पाहुणे दोन शब्द बोलायला उठले. संगीत म्हणजे काय, ते त्यांनी गळ्यातल्या तीन हारांसकट पाऊण तास सांगितलं. अण्णाने मधेच हात सोडवायला पाहिलं. मी विंगेतून खुणावलं, राहू दे, संपतंय.

संपलं तेव्हा अंगठा जांभळा झाला होता. आधारच जाणवेना, तशी बोटं भलत्याच बटणांवर पडू लागली. दुसऱ्या कडव्याला मालक उठून गेले.

"बधिर झाला रे हात," घरी येताना अण्णा एवढंच म्हणाला.

तो कारखान्यातूनच निवृत्त झाला, आणि आता तोही नाही. त्याची मुलं म्हणतात, बाबांच्या हातात तेवढी कला नव्हती. मी ऐकून घेतो.