रत्नमालाबाईचं बाहुलं

संघपाल आर्किटेक्ट झाला तेव्हा त्याच्या मायनं, रत्नमालाबाईनं, गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले. शेजारीण म्हणाली, "कुणाचा बंगला बांधतोय गं तुझा पोरगा?" रत्नमालाबाई म्हणाली, "बंगला नाय गं, कम्प्युटरचं असतंय ते." पुढचं तिला ठाऊक नव्हतं. खरं तर संघपालला तरी कुठं धड ठाऊक होतं! इतकी वर्षं इमानानं कोड लिहिला, तर कंपनीनं एक दिवस खुर्ची बदलून दिली आणि सांगितलं, आता कोड बास, चित्रं काढ.

चित्रं तरी कसली? एक चौकट काढायची, ती म्हणजे सिस्टीम. आत लंबगोल, एकेक लंबगोल म्हणजे एकेक काम, त्याचं नाव यूज केस. चौकटीबाहेर काड्यांची बाहुली, म्हणजे ती कामं करून घेणारी माणसं, त्यांना म्हणायचं अ‍ॅक्टर. बाहुल्यापासून लंबगोलापर्यंत रेघ ओढली की झालं. बालवाडीतलं लेकरूही काढील असं वाटतं. पण कुणाचं बाहुलं काढायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

पहिलंच काम आलं ते वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवरच्या हजेरीचं. रत्नमालाबाई त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून साफसफाईला जायची. रविवारी संघपाल फरशीवर कागद पसरून बसला, तर माय मेथी निवडत शेजारी टेकली.

"यात मी कुठली रं?"

"ही बघ. कार्ड लावून आत चाललीस."

"पदर तरी दाखव की मेल्या! आन् गाडी लेट झाली तर?"

बायांना कामावर आणणारी ठेकेदाराची गाडी लई वेळा लेट व्हायची. मग गेटवरचे सर्जेराव सगळ्या बायांची नावं वहीत चढवायचे, समोर 'गाडी उशिरा' लिहायचे आणि आत सोडायचे. कुठल्या नियमात हे नव्हतं, पण त्याच्यावरच कारखाना चालला होता. मायच्या तोंडून संघपालनं हे शंभरदा ऐकलेलं. त्यानं एक लंबगोल वाढवला, सर्जेरावांचं बाहुलं काढलं, रेघ ओढली. माय खूश होऊन उठली आणि तिनं भाजी फोडणीला टाकली.

सोमवारी त्याच्या साहेबांनी, अभय सरांनी, सगळ्या टीमसमोर चित्र पडद्यावर लावलं.

"ही बाई कोण?"

"कंत्राटी कामगार, सर."

"ती सिस्टीमकडं काही मागते का? हजेरी लागते ठेकेदाराला. अ‍ॅक्टर तो. बाई म्हणजे नुसता डेटा. आणि हे गाडी उशिराचं काय काढलंस? कारखान्यानं सांगितलंय?"

"नाही सर, पण तिथं असंच चालतं..."

"आर्किटेक्ट झालास ना आता? मग गल्लीतल्या गप्पा चित्रात आणू नकोस."

पोरं फिदीफिदी हसली. माझी आई तिथं कामाला आहे सर, एवढं वाक्य संघपालच्या गळ्यापर्यंत आलं होतं. पण झाडूवालीचा पोरगा म्हणून ही पोरं पुन्हा हसतील, या भीतीनं त्यानं ते गिळलं. गाडी उशिरा आली म्हणजे गैरहजेरी, आणि तीन गैरहजेऱ्या झाल्या की कार्ड बंद, हा कारखान्याचा नियमही चित्राखाली त्यानंच लिहिला होता. तरी स्वतःच्या हातानं त्यानं लंबगोल पुसला, सर्जेराव पुसले आणि माय पुसली. सर म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय!" आणि संघपालला, लाज वाटायची ती वाटली नाही, बरं वाटलं.

सिस्टीम सुरू झाली. सर्जेरावांची वही कपाटात गेली. गाडी मात्र लेट व्हायची ती होतच राहिली. तिसऱ्या खेपेला रत्नमालाबाईनं कार्ड लावलं तर लाल दिवा लागला आणि गेट उघडलंच नाही. सर्जेराव म्हणाले, "बाई, माझ्याकडं बटनच नाय ठेवलं, मी काय करू?" ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी दुसरी बाई लावली.

संघपाल धावत अभय सरांकडं गेला. सर शांतपणे म्हणाले, "बदल करू की. पण मागणी अ‍ॅक्टरकडून यायला हवी. ठेकेदाराची काही तक्रार आहे का?" ठेकेदाराची कशाला असेल? तो तर खुशीतच होता.

संध्याकाळी मायनं ताट वाढलं. रडली नाही, पण चेहरा पार उतरला होता.

"तू तर काढलं होतंस की रं गाडीचं. मी डोळ्यांनी पाह्यलं. मग कुण्या मुडद्यानं पुसलं?"

संघपाल भाकरी कुस्करत बसला.

"नाव नको सांगू, बडा साहेब असंल, तुझी नोकरी जाईल. पण ज्यानं पुसलं ना, त्याच्या मायला असंच गेटावर उभं करावं, उन्हात, चार लोकांसमोर. मग कळंल त्याला."

"व्हय, माय," संघपाल म्हणाला.