विमानाचं भाषण

बाबा दारव्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून होते, पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. कुणाचा सत्कार असो, निरोप समारंभ असो की गणपतीतली वक्तृत्व स्पर्धा, भाषण लिहून घ्यायला लोक आमच्याच दारात यायचे. घरी आम्ही सगळे वऱ्हाडीच बोलायचो. बाबांच्या हातात पेन आलं की मात्र भाषेला इस्त्री व्हायची. मी सातवीत असताना त्यांनी माझ्यासाठी लिहिलं, 'आकाशाला गवसणी घालणाऱ्या स्त्रिया'.

काय नव्हतं त्यात! साडी नेसून, वरखाली दोन पंखांच्या विमानात एकटी बसलेली एक तरुण आई. परवाना हातात असूनही 'बाई चालवतेय म्हटलं तर विमानात बसणार कोण' असं ऐकून घेत एकेका कंपनीचं दार ठोठावणारी दुसरी. चालवणाऱ्या झाडून सगळ्या बायकाच असलेलं ते उड्डाण. आणि अगदी शेवटी, ओल्या आवाजात, "बाबा, मला एकदा उडू द्या!"

त्या वाक्याआधी थांबायचं, हात जोडायचे आणि पहिल्या रांगेतल्या बाबांकडे बघायचं, हे बाबांनीच बसवलं होतं. मी बोलत असताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. शेवटाला बायका डोळ्यांना पदर लावायच्या, परीक्षक बाबांकडे वळून मान डोलवायचे. वणी, पुसद, पांढरकवडा, जिथं स्पर्धा तिथं आम्ही बापलेक एसटीनं हजर. फिरती ढाल आमच्या घरातून कुठं फिरायचीच नाही. भाषणात जीव यावा म्हणून एकदा त्यांनी मला यवतमाळच्या धावपट्टीपाशीही नेलं. तारेपलीकडे एक लहानसं पांढरं विमान उभं होतं. "नीट पाहून घे," बाबा म्हणाले. मी नीट पाहून घेतलं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

मला ते खरं वाटलं. गावातल्या बाकीच्या मुलीही भाषणं करायच्या, वृक्षतोडीवर, हुंड्यावर. बक्षीस घ्यायच्या आणि घरी जायच्या. हुंड्यावर तावातावानं बोललेल्या पोरीचं लग्न पुढं रीतसर हुंडा देऊन व्हायचं, आणि कुणाला काही वावगं वाटायचं नाही. भाषण म्हणजे भाषण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण माझं भाषण माझ्याच बापानं लिहिलं होतं आणि त्यात मी मागत होते ते त्यांच्याकडेच.

बारावी झाली. पायलट होण्यासाठी एका संस्थेची लेखी परीक्षा दिली, पास झाले. मुलाखत लांब होती, नागपूरहून रेल्वेनं जायचं. बाबा म्हणाले, "मी येतो संग." आईनं प्रवासाला पुरतील एवढ्या दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली, तिलाही पुढचं काही ठाऊक नव्हतं. यवतमाळच्या स्टँडवर उतरलो तर बाबा बाहेरच्या बाजूला चालायला लागले.

"बाबा, नागपूरची गाडी तिकडं लागते."

"इकडं चाल तू."

"काहून?"

त्यांनी हात करून ऑटो थांबवला. ऑटो जाऊन थांबला एका डी.एड. कॉलेजच्या फाटकाशी. आत त्यांच्या ओळखीचे साहेब आमची वाट पाहत होते. मास्तरीण होण्यासाठी माझी जागा तिथं आधीच ठरलेली होती. हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा बापाकडे मागायचं कसं, याची मला एकच रीत माहीत होती. फाटकातच थांबले, हात जोडले, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "बाबा, मला एकदा उडू द्या."

ते चिडले असते तर परवडलं असतं. ते चकित झाले, अगदी मनापासून. इकडंतिकडं बघत हलक्या आवाजात म्हणाले, "अवं, ते भाषण होतं नं बाई! लोक पाहून राह्यले."

दशम्या आम्ही कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बसून खाल्ल्या. मीही खाल्ल्या, याचा मला अजून राग येतो.

आता मुकुटबनकडच्या एका शाळेत शिकवते. नोकरी वाईट नाही, पोरी गुणी आहेत. बाबांशी मी कधी अबोला धरला नाही, त्यांच्या आजारपणात उशाशी बसले. पण माझ्या बापानं मला फसवलं आणि फसवलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं, हे काही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांची पंचाहत्तरी झाली. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. सत्कार, हार, नारळ झाल्यावर बाबांनीच फर्माईश केली, "माह्या पोरीचं विमानाचं भाषण होऊ द्या." पन्नाशीकडे झुकलेली मी, चष्मा सावरत माइकपाशी गेले. एक शब्द विसरले नव्हते. साडीवाली आली, दारं ठोठावणारी आली, सगळ्या बायकांचं उड्डाण झालं. पहिल्या रांगेत शाल पांघरलेल्या बाबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

शेवट आला. मी थांबले. हात जोडले नाहीत, थांबूनच राहिले.

लोकांना वाटलं, बाई विसरल्या. बाबांनाही तेच वाटलं. खुर्चीतून पुढं वाकून त्यांनीच माझं वाक्य मोठ्यानं पुरं केलं, "बाबा, मला एकदा उडू द्या!" आवाज ओला झाला होता त्यांचा. कार्यालयभर टाळ्या पडल्या.

खाली उतरले तर माझा हात धरून हसत म्हणाले, "शेवटचं वाक्यच विसरली का वं?"

"नाई विसरली, बाबा," मी म्हटलं. "ते एकदा तुमच्यापाशी म्हणून पाह्यलं होतं."