तरंगलेली रोपं

सुनेनं आज पहिल्यांदाच आंबेमोहोर शिजवला आणि तो करपला. शहरालगतच्या माणमधल्या आमच्या फ्लॅटभर तो गोडसर करपट वास पसरला, आणि माझ्या पायांना एकाएकी गार चिखल जाणवला.

लग्नानंतरची ती माझी पहिली भातलावणी. मी ज्वारीच्या मुलखातली. कोवळ्या मुळांना इजा नको म्हणून प्रत्येक रोप हळूच टेकवलं. माझी ओळ सगळ्यांत सरळ आली, म्हणून सुखावलेही. रात्री पाऊस झाला. सकाळी खाचरात आभाळ उतरलं होतं आणि त्या आभाळावर माझी रोपं संथपणे तरंगत होती. इतकं सुंदर, की रडू यायलाही वेळ लागला.

सासूबाई शेजारी वाकल्या. माझा अंगठा धरून त्यांनी चिखलात खोल दाबला.

"लागली घट्ट माती? तितं सोडायचं रोप. लई जपलंस, म्हून सुटलं त्ये."

आम्ही दोघींनी ओळ पुन्हा लावली. बाकीच्या बायका वरच्या खाचरात होत्या, कुणी पाहिलं नाही. नशीब माझं, असं तेव्हा वाटलं.

आज सुनेचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मी घरातल्या सगळ्यांना खाली फिरायला पाठवलं. जिन्यात त्यांची पावलं विरली, तेव्हा कुठे कळलं, त्या बायका वरच्या खाचरात कशा गेल्या होत्या.