प्रागला राहिलेला डबा

आमच्याकडे चार माणसं जमली, चहा झाला आणि बोलणं जरा मंदावलं की कोणीतरी म्हणतंच, "ते प्रागचं सांगा ना!" खरं तर मी तिथे राहिले जेमतेम एक सेमिस्टर. पण परदेशातल्या किस्स्यांचं असं असतं, की तिथे असताना ते किस्से वाटत नाहीत, फजिती वाटते. घरी येऊन दोन-चारदा सांगितले की आपोआप वाढत जातात. माझा नवरा तर म्हणतो, "ही एका सेमिस्टरला गेली होती आणि अजून परत येतेच आहे!"

तर ऐका.

* * *

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जुन्या दगडी वास्तू कशा जपायच्या, या विषयासाठी मला शिष्यवृत्ती मिळाली आणि आमची नाशिक रोडची अख्खी कॉलनी परदेशी निघाल्यासारखी वागू लागली. बाबा तिथल्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये नोकरीला. त्यांनी पेढे वाटले, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला हार घातला आणि म्हणाले, "आपल्यात शिकायला साता समुद्रापार जाण्याची रीत जुनी आहे!"

आई मात्र गप्प. आमची आई येवल्याकडची. इगतपुरीच्या पुढे ती आयुष्यात गेली नव्हती, कारण पुढे घाटात बोगदे लागतात. "डोंगराच्या पोटातनं मानसानं कशापायी जायाचं?" हा तिचा सवाल. त्यामुळे मुंबईला विमानापर्यंत सोडायला यायचाही प्रश्नच नव्हता.

तिच्या गप्प बसण्याला कारण होतं. मागच्या गल्लीतला एक मुलगा जर्मनीला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. वर्षाला एक ग्रीटिंग कार्ड यायचं. त्याची आई तेव्हापासून बाजारातही खाली बघून चालायची. आमच्या आईला तेच दिसत होतं.

स्टेशनवर निरोपाला कॉलनी लोटली. कोणी म्हणालं थंडीला जप, कोणी म्हणालं पत्र टाक. गाडी हलायच्या बेताला आली तेव्हा आईने पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत चिवडा आणि लसणाची चटणी. झाकणावर नाव घातलेलं, 'चि. सौ. कां. कमल हिस दादाकडून'. तिच्या लग्नात माझ्या मामाने दिलेला. मामा पुढे दोनच वर्षांनी गेला, तेव्हापासून आई तो डबा कोणाला हात लावू द्यायची नाही.

"डबा परत आण," आई म्हणाली. बस्, एवढंच!

शेजारचे काका हसून म्हणाले, "म्हणजे पोरगी नाही आली तरी चालेल, डबा आला पाहिजे!"

सगळे हसले. आई हसली नाही. मला तेव्हा तिचा रागच आला होता. मी एवढी लांब चाललेय आणि हिला डब्याची पडलीय!

* * *

प्रागच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तोच डबा उघडायला लावला. चटणीची पुडी सोडली, वास घेतला, माझ्याकडे संशयाने बघितलं. मी खुणेने सांगितलं, खायचं असतं. त्याने बोट बुडवून चाटलं.

पहिल्यांदा काही झालं नाही. मग त्याचे कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून धारा! मला वाटलं, झालं, शिक्षण इथेच संपलं.

त्याने रुमालाने डोळे पुसले, चेहरा सरळ केला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो आल्यावर एक अक्षर न बोलता पुडी त्याच्यापुढे धरली!

तेव्हाच मला पटलं की या गावात आपला निभाव लागेल.

* * *

हॉस्टेलवर माझ्याखेरीज एकच मराठी माणूस होता. भामरे. सटाण्याकडचा, कांदा-द्राक्षवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, साखरेचं तंत्र शिकायला चार वर्षांसाठी आलेला. मला पहिल्याच दिवशी "ताई" म्हणाला आणि एकदम घरचा झाला. एरवी चांगलं मराठी बोलायचा, पण चकित झाला की अहिराणीवर यायचा.

आणि तिथल्या मेसमध्ये तो रोजच चकित व्हायचा. ताटात उकडलेल्या पिठाचे पांढरे गोळे, वर पातळ रस्सा. "हाई काय शे, ताई?" मी सांगायचे, पोळीच समज. तो म्हणायचा, "समजतो. पण कांदा कुठे?"

एक दिवस तो बाजारातून कांदा घेऊनच जेवायला आला. टेबलावर ठेवला, वरून रुमाल टाकला आणि हाणली बुक्की! दाणकन आवाज झाला. अख्ख्या मेसच्या माना वळल्या. भामऱ्याने शांतपणे फुटलेला कांदा उचलला, मीठ लावलं आणि खायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टेबलावर यान नावाचा सहा फुटी पोरगा कांदा घेऊन बसलेला. त्याने बुक्की मारली, कांदा उडून सूपच्या पातेल्यात गेला. तिसऱ्या दिवशी चार पोरं. आठवड्याभरात मेसच्या दारावर पाटी लागली. भामऱ्याने ती वाचून घेतली आणि मला अभिमानाने अर्थ सांगितला, "टेबलावर भाज्या मारू नयेत!"

* * *

आमचे प्रोफेसर भारी सज्जन, पण आपल्या शहरावर जीव ओवाळून टाकणारे. पहिल्याच आठवड्यात नदीवरच्या जुन्या पुलावर घेऊन गेले. दोन्ही बाजूंना दगडी पुतळे, खाली संथ पाणी, पलीकडे टेकडीवर किल्ला. खरंच, बघत राहावं असं गाव! प्रोफेसर हळूच, देवळात बोलावं तसे म्हणाले, "हा पूल सहाशे वर्षांचा आहे."

मी म्हटलं, "हो का!"

त्यांना माझा 'हो का' थोडा कमी पडला असावा. विचारलं, "तुमच्या गावात जुनं काय आहे?"

आता मी काय सांगणार? आमची त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, ती दोन हजार वर्षांची. लहानपणी आम्ही तिथे सहलीला जाऊन चिंचा खायचो. मी आकडा सांगितला. प्रोफेसर कठड्याला टेकले.

"दोन हजार! मग त्यांचं जतन कोण करतं?"

"आम्ही पोरं तिथे लपाछपी खेळायचो, सर. तेव्हा तरी कोणी ओरडलं नाही."

त्यांनी खिशातून वही काढली. तीत काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "पुढचं लेक्चर तू घे!"

* * *

तिथे तेव्हा दुकानाबाहेर रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग काय मिळतंय ते विचारायचं, अशी पद्धत होती. नाताळच्या तोंडावर आम्हीही एका रांगेत शिरलो. बर्फ पडतोय, पाय बधिर झालेत. नंबर जवळ आला तेव्हा कळलं, रांग केळ्यांसाठी आहे!

भामरे हबकलाच. "केळीले रांग?" मग आजूबाजूच्यांना मोडक्यातोडक्या भाषेत सांगायला लागला. वाक्य अडलं की मूळ भाषेवर यायचा, "मना मामानी आख्खी बाग शे!"

ती माणसं त्याच्याकडे बघायला लागली. एका बाईंनी आपल्या तरुण मुलीला पुढे ओढलं. एका आजोबांनी टोपी काढली. काउंटरवाल्या बाईने त्याला नेमून दिलेल्या केळ्यांवर दोन जास्त घातली.

बाहेर आल्यावर भामरे म्हणाला, "ताई, आमच्याकडे मामाला कोणी ओळखत पण नाही!"

* * *

आता हानाबाईचं सांगते. हॉस्टेलच्या दाराशी काचेच्या खोलीत ही बसायची. साठीची, जाडजूड, कायम विणकाम चाललेलं. आल्यागेल्याकडे चष्म्यावरून बघायची. सगळी पोरं तिला टरकून असत. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि माझं चेक चार शब्दांचं.

पहिल्या बर्फात मी तापाने आडवी झाले. संध्याकाळी दार वाजलं. हानाबाई! हातात निळ्या इनॅमलचं भांडं, त्यात गरम सूप. मी पिऊन संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी. मग भांडं तिथेच ठेवून निघून गेली.

दोन दिवसांनी मी ते घासलं, पुसलं, आणि थांबले. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं? आपल्याकडे चिमूटभर साखर तरी घालतोच की नाही! मी त्यात आईचा चिवडा भरला आणि खाली नेऊन दिला.

इथेच माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी निळं भांडं परत हजर, केक घेऊन! मी शंकरपाळे करायला घेतले. लाटणं नव्हतं, भामऱ्याने बीअरच्या बाटलीने लाटले. ते माझ्या डब्यातून पाठवले, तर डबा सफरचंदाची पोळी घेऊन आला. मी गोड भात पाठवला, तिच्याकडून बटाट्याची धिरडी. आता कधी तिचं भांडं माझ्याकडे, कधी माझा डबा तिच्याकडे. दोघींपैकी एकही हटेना. पुलाबिलाचा अभ्यास बाजूला पडला आणि मी रोज संध्याकाळी विचार करत बसायचे, उद्या काय घालू?

भामरे वैतागला. "ताई, एकदा रिकामं दे ना! सुटशील!"

एकदा खरंच खोलीत काही नव्हतं. मनाचा हिय्या करून रिकामं भांडं घेऊन निघाले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तशीच मागे फिरले आणि भामऱ्याचे दोन कांदे त्यात टाकले!

दुसऱ्या दिवशी कांद्याचा केक आला.

* * *

निघायच्या वेळी घोटाळा झाला. माझं तिकीट अचानक दोन दिवस अलीकडचं आलं. डबा नेमका हानाबाईकडे, आणि हानाबाई सुट्टी घेऊन बहिणीच्या गावी! तिच्या खोलीला कुलूप. काचेतून आत माझा डबा दिसत होता. शेल्फवर, विणकामाच्या शेजारी. मी काचेला नाक लावून रडले. भामरे म्हणाला, "मी आहे ना ताई, मी आणतो." पण त्याची अजून साडेतीन वर्षं बाकी होती.

नाशिक रोडला उतरले तर कॉलनी हार घेऊन उभी. ढोलसुद्धा होता! मी आईच्या गळ्यात पडले. तिने मला घट्ट धरलं, डोळे पुसले, मग बॅगेकडे बघितलं.

"डबा?"

मी सगळं सांगितलं. आई बॅग उचलून पुढे चालू लागली. नंतर कोणी घरी आलं, "पोरगी सुखरूप आली ना?" विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं. "पोरगी आली. डबा ऱ्हायला."

मला ते लागायचं. आता कळतं की तिच्या भावाचं नाव तिकडे परमुलखात एका शेल्फवर पडलं होतं, हेच तिला सहन होत नव्हतं.

* * *

साडेतीन वर्षांनी एका दुपारी भामरे दारात उभा! शिक्षण संपवून मनमाडला उतरून सटाण्याला जायचं सोडून आधी आमच्याकडे आला होता. बसायच्या आधी त्याने पिशवी उघडली आणि आईपुढे डबा ठेवला. घासून लख्ख केलेला.

आईने झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ. मग उघडलं. डबा काठोकाठ भरलेला! अर्धचंद्रासारखी बिस्किटं, वरून पिठीसाखर. आईने एक तोंडात टाकलं.

"करंजीच हाय की ही!" ती म्हणाली. "लय खुसखुशीत. पण बाई सारन भरायचं इसरली."

तिने डबा छातीशी धरला आणि पदर तोंडाला लावला. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. मीही रडत होते. चला, सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

तेवढ्यात भामऱ्याने पिशवीत पुन्हा हात घातला. "डब्यात मावेनात म्हणून बाईंनी उरलेली यात दिली," म्हणत त्याने फडक्यात बांधलेलं निळ्या इनॅमलचं भांडं बाहेर काढलं.

आईचा पदर तोंडावरच थांबला.

"हे तिचं हाय?"

"हो, काकू."

"तू परत कवा जानार?"

"मी आता नाही जात. इथल्याच कारखान्यात नोकरी लागली."

"पोस्टाने पाठवू," बाबा म्हणाले.

"भरल्या भांड्याला पोस्टात घालत्यात व्हय?" आई म्हणाली.

तिने बिस्किटं ताटात काढून घेतली. मोरीत जाऊन निळं भांडं घासलं, पदराने कोरडं केलं, उजेडाकडे धरून आतून बघितलं. मग ते मांडीवर घेऊन बसली आणि बाबांना म्हणाली,

"अवो, त्या पासपोर्टाला फोटू किती लागत्यात?"